घराचा चार्ज घेताना : फील्डवरून ठाण्याला परतणाऱ्या लष्करी डॉक्टरांसाठी

आर्मी मेडिकल कोअरमध्ये नव्याने दाखल होऊन पहिलेच फील्ड टेन्युअर, म्हणजे कुटुंबापासून दूर फील्डवरची नेमणूक, संपवून घरी निघालेल्या डॉक्टरांसाठी आणि त्यांची वाट पाहणाऱ्या ठाणे-नवी मुंबईतील घरच्या मंडळींसाठी हा लेख लिहीत आहे. मी स्वतः अशी दोनदा परतले आहे. एकदा लडाखमधील फील्ड रुग्णालयातून आणि नंतर दक्षिण सुदानमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मोहिमेत काम करणाऱ्या भारतीय रुग्णालयातून, तेही पुरत्या एका वर्षाने. दोन्ही वेळा घर तेच होते, पाचपाखाडीतले. पहिल्या खेपेस माझे जवळजवळ सगळे चुकले. दुसऱ्या खेपेस निदान त्याच चुका पुन्हा झाल्या नाहीत.

युनिटमध्ये आपण एमआय रूमचा, म्हणजे युनिटच्या छोट्या दवाखान्याचा, चार्ज घेतो तेव्हा काय करतो, ते आठवा. औषधांचा साठा लेजरशी ताडून पाहतो, ऑक्सिजनचे सिलिंडर भरलेले आहेत का ते तपासतो, स्ट्रेचर मोजतो, मुदत संपलेल्या इंजेक्शनांची वेगळी यादी करतो, आधीच्या अधिकाऱ्याबरोबर दोन-चार दिवस सिक रिपोर्टला, म्हणजे आजारी जवानांच्या रोजच्या तपासणीला, बसतो आणि मगच सही करतो. घरी मात्र टॅक्सीतून उतरल्याबरोबर आपण सही करून मोकळे होतो, किंवा घरचे ती आपल्याकडून करून घेतात. वर्ष-दीड वर्ष दुसऱ्या कोणी चालवलेले घर एका संध्याकाळीत ताब्यात घेता येत नाही. पुढच्या सगळ्या पायऱ्या या एकाच गोष्टीतून निघालेल्या आहेत.

पहिली पायरी : निघण्यापूर्वी

घरातल्या मोठ्यांना येण्याचा अंदाजे आठवडा सांगा, पण लहान मुलांना तारीख सांगू नका. लेहहून विमाने बहुधा सकाळीच उडतात, आणि हवामान बिघडले की त्या दिवसाची उड्डाणे रद्द होऊन माणसे दुसऱ्या दिवसाच्या रांगेत जातात. संयुक्त राष्ट्रांच्या मोहिमेतून परतणाऱ्यांची रोटेशनची, म्हणजे तुकडी बदलण्याची, तारीखही पुढे-मागे सरकते. लडाखहून येताना मी मुलीला तारीख सांगून बसले होते. तिने फ्रिजवरच्या कालनिर्णयावर त्या तारखेला लाल गोल केला होता आणि रोज एक चौकोन खोडत होती. मी चार दिवस उशिरा पोहोचले. गोलानंतरच्या चार चौकोनांवर तिने काळा स्केचपेन इतका दाबून फिरवला होता की कागद फाटून खालचा महिना दिसत होता. दुसऱ्या खेपेस तिला बातमी दिली ती मी दिल्लीला उतरल्यावर, फोनवरून.

शक्य असल्यास दिल्ली किंवा चंडीगडला एक रात्र मेसमध्ये अथवा ट्रान्झिट कॅम्पमध्ये काढावी. घराच्या इतक्या जवळ येऊन थांबणे नको वाटते, परंतु गरम पाण्याची आंघोळ आणि सलग आठ तासांची झोप झालेला माणूस दारात उभा राहणे आणि दोन रात्री जागलेला माणूस उभा राहणे यांत फार फरक असतो.

निघण्याच्या आठ-दहा दिवस आधी घर सांभाळणाऱ्या व्यक्तीला एक विनंती करावी : घर सध्या कसे चालते, ते एका कागदावर लिहून ठेवावे. मावशी किती वाजता येतात, शाळेची बस कुठे थांबते, सोसायटीचा मेंटेनन्स कोणत्या खात्यातून जातो, आजीच्या रक्तदाबाच्या गोळ्या आता कोणत्या आहेत, हे सारे त्यात यावे. हा कागद म्हणजे तुमचे लेजर.

दुसरी पायरी : आधी स्वतःला तपासून घ्या

आफ्रिकेतून परतणाऱ्यांनी हा भाग दोनदा वाचावा. मलेरियाची प्रतिबंधक गोळी तिथून निघाल्यावर थांबत नाही. डॉक्सिसायक्लिन किंवा मेफ्लोक्विन घेत असाल तर ते परतल्यानंतर आणखी चार आठवडे चालू ठेवावे लागते. हे आपण शेकडो जवानांना बजावलेले असते आणि घरी आल्यावर नेमकी आपलीच पट्टी बॅगेच्या तळाशी राहते. माझी राहिली होती. तिसऱ्या आठवड्यात ताप आला तेव्हा जुलै महिना होता, आणि जुलैत ठाण्यात ताप आला की घरचे, शेजारचे आणि स्वतः रुग्ण असलेला डॉक्टरही ‘व्हायरल असेल’ म्हणून मोकळे होतात. पावसाळ्यात आपल्याकडे मलेरिया, डेंग्यू आणि लेप्टो हे तिन्ही असतात, त्यामुळे बाहेरून आणलेला फॅल्सिपॅरम, हा मलेरियाचा सर्वांत घातक प्रकार, त्या गर्दीत सहज लपतो. पहिली रक्ततपासणी निगेटिव्ह आली आणि तपासणाऱ्या डॉक्टरांना मी कुठून आले आहे हे सांगण्याचेही मला सुचले नव्हते. दुसऱ्या दिवशी पुन्हा स्मिअर, म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली रक्ताची तपासणी, केला, तेव्हा परजीवी दिसला.

म्हणून नियम असा : परतल्यानंतर येणाऱ्या कोणत्याही तापात पहिले वाक्य ‘मी अमुक देशातून अमुक तारखेला आले’ हे असावे, आणि पहिली तपासणी निगेटिव्ह आली तरी बारा ते चोवीस तासांच्या अंतराने आणखी दोनदा रक्त तपासून घ्यावे. फॅल्सिपॅरम बहुधा पहिल्या महिन्या-दोन महिन्यांतच दिसतो. व्हायवॅक्स हा मलेरियाचा दुसरा प्रकार मात्र यकृतात दबा धरून कित्येक महिन्यांनी उलटू शकतो आणि त्यासाठीचे प्रायमाक्विन हे औषध रक्तातील जी-सिक्स-पीडी या एन्झाइमची तपासणी केल्यावरच घ्यायचे असते. कुठून, कधी आलो हे पहिले वाक्य घरच्यांनाही पाठ करून ठेवायला सांगा. ताप १०३ वर गेला की आपण स्वतः काही सांगण्याच्या स्थितीत नसतो.

उंचावरून उतरणाऱ्यांचे प्रकरण सौम्य असते. लेह सुमारे ३,५०० मीटरवर आहे, चौक्या त्याहून कितीतरी वर, आणि ठाणे समुद्रसपाटीला. वाढलेले हिमोग्लोबिन हळूहळू, काही आठवड्यांत खाली येते आणि त्या काळात विलक्षण झोप येते, अंग जड वाटते, लक्ष लागत नाही. मे महिन्याचा दमट उकाडा असेल तर विचारूच नका. घरच्यांनी याला आळस किंवा नाराजी समजू नये.

आणखी एक बारीक गोष्ट. दक्षिण सुदान आणि काँगो या दोन्ही देशांत वाहने रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात. वर्षभराची ती सवय पायांतही भिनते. रस्ता ओलांडताना मान चुकीच्या बाजूला आधी वळते. पहिले आठ-दहा दिवस स्कूटर घेऊन घोडबंदर रोडला किंवा सायन-पनवेल महामार्गाला जाऊ नये, आणि मुलाचा हात धरून रस्ता ओलांडायचा असेल तर सिग्नलपर्यंत चालत जावे.

तिसरी पायरी : पहिला आठवडा आणि पाहुणे

पहिल्या आठवड्यात कोणालाही घरी बोलवू नये, हे लिहायला सोपे आणि आपल्याकडे पाळायला अशक्य आहे. डोंबिवलीची मावशी येणारच, नेरूळचे काका येणारच. तेव्हा निदान एक दिवस ठरवून टाकावा. आम्ही दुसऱ्या रविवारी दुपारी चार ते सात अशी वेळ सर्वांना कळवली. थोडे रुसवे झाले, पण सात दिवस मिळाले.

लष्करी डॉक्टरच्या पाहुण्यांची एक खासियत असते. ते पेढ्यांच्या पुड्याबरोबर प्लास्टिकच्या पिशवीत एक फाइलही घेऊन येतात. ‘तू आलीच आहेस तर जरा बघ ना, शुगर किती दाखवतेय.’ नाही म्हणता येत नाही आणि हो म्हटले की घराचा एमआय रूम होतो. माझ्या सासूबाईंनी यावर फार चांगला तोडगा काढला. फाइल घेऊन आलेल्याला त्या म्हणायच्या, ‘इथे कपाटावर ठेवून जा, ती पुढच्या आठवड्यात निवांत बघेल.’ निम्म्या फाइली त्याआधीच परत गेल्या.

‘तिथे गोळीबार झाला का, किती माणसे मेली’ हे प्रश्नही येतील. काय सांगायचे ते घरीच आधी ठरवून, एक-दोन वाक्यांचे उत्तर तयार ठेवावे. जागांची नावे, युनिटची हालचाल, रुग्णांची माहिती आणि मोबाइलमधले फोटो यांपैकी काहीही फॅमिली ग्रुपवर जाता कामा नये, आणि ही अडचण नम्रपणे सांगितली की बहुतेक जण समजून घेतात. न समजणाऱ्यांना चहा द्यावा.

चौथी पायरी : चार्ज, पण टप्प्याटप्प्याने

येथे मी सर्वांत जास्त चुकले, म्हणून येथे थोडे थांबते.

लडाखहून आले त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सव्वासहाला मुलीच्या शाळेची तयारी चालली होती. माझे यजमान पलंगाच्या कडेला बसले होते, ती त्यांच्या गुडघ्यांत अडकून उभी होती आणि ते तिची वेणी घालत होते. वेणी वाकडी होती, उजवीकडचे पेड सैल होते, आणि रिबिनीची गाठ बुटाच्या लेससारखी बांधलेली होती. मी फणी हातात घेतली आणि म्हटले, ‘दे, मी नीट घालते.’ मुलगी माझ्याकडे न पाहता म्हणाली, ‘बाबाच घालतो.’ फणी परत देताना मला जे वाटले ते इथे लिहिण्यासारखे नाही, पण चूक माझीच होती. ती वेणी त्या दोघांनी वर्षभरात मिळून तयार केलेली व्यवस्था होती आणि मी तिला पहिल्याच सकाळी नापास केले होते.

तेव्हा पहिला आठवडा फक्त पाहण्याचा. डब्यात काय जाते, कोण कोणाला उठवते, वाण्याला फोन कोण करते, संध्याकाळी टीव्ही किती वाजता बंद होतो हे सारे पाहावे आणि एकही भांडे जागचे हलवू नये. दुसऱ्या आठवड्यात एक काम मागून घ्यावे. ‘घ्यावे’ असे नव्हे, ‘मागून घ्यावे’. मी बसथांब्यावर सोडण्याचे काम मागितले, कारण त्यात कोणाचीही जागा जात नव्हती, उलट सासऱ्यांचे दुखरे गुडघे सुटत होते. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात बँक, आजारपणे, शाळेच्या सभा अशी मोठी कामे कागदावरून एकेक करून वाटून घ्यावीत.

स्त्री अधिकाऱ्यांच्या बाबतीत याच्या उलट घडते, तेही सांगायला हवे. पुरुष डॉक्टर परतला की घर त्याला पाहुण्यासारखे जपते. स्त्री डॉक्टर परतली की दुसऱ्याच दिवशी ओटा तिच्या स्वाधीन होतो, आणि कोणाच्या मनात वाईट नसतानाही होतो. दुसऱ्या खेपेस मी दिल्लीहूनच फोनवर सांगून टाकले की पोळीवाल्या मावशींना महिनाभर तरी सोडू नका. हे सांगताना संकोच वाटला, पण आधी सांगितलेले खपते आणि नंतर केलेली तक्रार खपत नाही.

एक गोष्ट पुरुषांसाठी. सहायक, नर्सिंग असिस्टंट आणि ‘डॉक्टर साब’ म्हणून उभे राहणारे अख्खे युनिट मागे राहिले आहे. घरात ताट उचलून मोरीत ठेवणारे हात तुमचेच आहेत.

पाचवी पायरी : मुले

आठ-नऊ महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंतचे मूल तुम्हाला ओळखणार नाही, रडेल, आजीच्या खांद्यात तोंड लपवेल. त्याला हिसकावून कडेवर घेऊ नये. त्याच खोलीत जमिनीवर बसावे, चमच्याने वाटी वाजवावी आणि त्याने यायची वाट पाहावी. बहुतेक मुले आठवड्याभरात येतात.

शाळेत जाणारे मूल पहिले दोन दिवस चिकटून राहते आणि मग परीक्षा घेते : बाबांनी नाही म्हटलेले आईकडे मागते, आईने नाही म्हटलेले बाबांकडे. यात लबाडी कमी आणि ‘हे माणूस आता राहणार आहे का’ हा प्रश्न जास्त असतो. पहिला महिनाभर, वर्षभर घर सांभाळलेल्या माणसाचा शब्द अंतिम मानावा. वर्गशिक्षिकांना एक चिठ्ठी द्यावी, कारण पालक परतल्यावर अभ्यासात काही दिवस घसरण होते आणि त्यांना ती कळलेली बरी.

फोनवर बोलण्याची जी वेळ ठरलेली होती ती एकदम मोडू नये. दक्षिण सुदान आपल्या साडेतीन तास मागे आहे. मुलीची रात्री नऊची झोपण्याची वेळ म्हणजे माझे संध्याकाळचे साडेपाच, ओपीडीनंतरचा मोकळा अर्धा तास, आणि तेव्हा मी तिला गोष्ट सांगायची. परतल्यावर मी बाजूलाच झोपायला गेले तर तिला गोष्ट नको होती. तीन रात्रींनी ती म्हणाली, ‘तू हॉलमध्ये जा आणि फोन कर.’ मी हॉलमधून फोन केला आणि गोष्ट सांगितली. असे दहा-बारा दिवस चालले.

सहावी पायरी : दोघांचे बोलणे आणि पैसे

पैशांचे आधी, कारण ते लवकर आटोपते. फील्डचा किंवा परदेशातील मोहिमेचा भत्ता परतल्यावर बंद होतो. त्याच्या जोरावर हप्ता काढलेला असेल तर पहिल्याच महिन्यात दोघांनी बसून आकडे मांडावेत. खरेदीची लाट येते, ती दुसऱ्या महिन्यावर ढकलावी.

बोलण्याचे अवघड आहे. दोघांकडेही वर्षभराची तक्रार साठलेली असते आणि दोघांनाही आपले वर्ष जास्त कठीण गेले असे वाटत असते. ते बोलणे घरात, सासू-सासरे आणि मुले यांच्यामध्ये होत नाही. आम्ही रोज रात्री जेवणानंतर तलावपाळीला एक फेरी मारायचो. पाण्याकडे तोंड करून चालताना एकमेकांकडे पाहावे लागत नाही, हा तिथला मोठा फायदा. नवी मुंबईकरांना त्यासाठी वाशीचे सागर विहार किंवा नेरूळची ज्वेल ही पाण्याकाठची फिरण्याची जागा आहेच. पहिल्या काही फेऱ्या नुसत्या हिशोबाच्या झाल्या. वर्षभरात सासऱ्यांना एकदा रात्री रुग्णालयात हलवावे लागले होते आणि ते मला कळू दिले नव्हते, हे मला तिथेच कळले. राग आला. मग मी कोणकोणत्या रात्री त्यांना कळू दिल्या नव्हत्या ते आठवले.

शरीराची जवळीकही लगेच परत येईलच असे नाही. त्याची तारीख लावू नये.

सातवी पायरी : जे सोबत येते

सोसायटीच्या ग्रुपवर लिफ्ट दोन तास बंद असल्याबद्दल चाळीस संदेश येतात आणि तुम्हाला ज्या वॉर्डात दिवसाकाठी दोन तास वीज मिळायची तो वॉर्ड आठवतो. राग येणे साहजिक आहे, तो ग्रुपवर लिहू नये. डॉक्टरांच्या बाबतीत एक वेगळे ओझे असते. आपण गोळी चालवलेली नसते, पण कोणाला आधी टेबलावर घ्यायचे आणि कोणाला थांबवायचे हे ठरवलेले असते, आणि थांबवलेल्यांचे चेहरे घरी येतात. अपुरी झोप, आवाजाला दचकणे, चिडचिड, एकटे राहावेसे वाटणे हे पहिले काही आठवडे बहुतेकांना होते. दहीहंडीचे थर आणि डीजे, दिवाळीच्या लडी यांच्या तारखा पाहून ठेवाव्यात आणि त्या रात्री येऊरच्या बाजूला किंवा कोकणात जाता आले तर जावे.

महिना उलटून गेल्यावरही तेच ते प्रसंग डोळ्यांसमोर येत असतील, स्वप्ने थांबत नसतील, रोजचा पेग दोनाचे तीन होत असेल, तर ते आपोआप जाईल असे समजू नये. दुसरा रुग्ण हे सांगत आला असता तर आपण काय लिहून दिले असते, ते स्वतःला लागू करावे. १४४१६ या टेली-मानसच्या, म्हणजे सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या, क्रमांकावर चोवीस तास मराठीतूनही बोलता येते आणि डिसेंबर २०२३ मध्ये पुण्याच्या एएफएमसी या लष्करी वैद्यकीय महाविद्यालयात सैन्यदलांसाठी त्याचा स्वतंत्र कक्ष सुरू झाला. ठाण्यात आयपीएच ही संस्था १९९० पासून मानसिक आरोग्याचे काम करते, आणि घरच्यांसाठीही तिथे जाता येते. अधिकारी मागे हटतात ते श्रेणीच्या भीतीने, कारण ‘शेप’ या वैद्यकीय श्रेणीतील पहिलेच अक्षर मनाच्या आरोग्याचे आहे. ही भीती खोटी आहे असे मी म्हणणार नाही. पण फोन करणे म्हणजे मेडिकल बोर्डापुढे उभे राहणे नव्हे, आणि वेळेवर सांगितलेला त्रास बहुधा लवकर बरा होतो. जीव नकोसा वाटत असल्याचे बोलणे कानावर आले तर घरच्यांनी त्या व्यक्तीला एकटे सोडू नये आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे.

आठवी पायरी : पुन्हा निघताना

पुढचे पोस्टिंग पीस स्टेशनचे, म्हणजे कुटुंबासह राहता येईल अशा ठिकाणचे, असेल तर हा भाग सोडून द्यावा. रजेवर येऊन पुन्हा वर जाणाऱ्यांसाठी मात्र तिकीट काढण्याआधी दिवस मोजणे आवश्यक आहे. वर्षाला साठ दिवसांची वार्षिक रजा असते. ती एकदम घेऊन चार आठवड्यांहून अधिक काळ समुद्रसपाटीला राहिलात, तर हवामानाशी जुळवून घेण्याचे सगळे टप्पे पहिल्यापासून करावे लागतात : ९,००० ते १२,००० फुटांवर सहा दिवस, १२,००० ते १५,००० फुटांवर चार दिवस, त्याच्या वर आणखी चार. ‘मी तर तिथलाच’ म्हणून हे टाळणाऱ्या जुन्या मुरलेल्या माणसांच्याच फुप्फुसांत पाणी भरलेले आपण पाहिलेले आहे. हे दिवस घरच्या रजेत धरू नयेत, आणि घरच्यांनाही सांगावे की लेहला पोहोचल्यावर दोन दिवस नीट बोलणे होणार नाही.

निघताना चार्ज परत द्यावा. तोच कागद पुन्हा काढून, या दोन महिन्यांत जे बदलले ते लिहावे आणि नवरा किंवा बायको यांच्यासमोर वाचून दाखवावा. बॅग आदल्या रात्री दारात आणून ठेवू नये, मुले ती पाहून झोपत नाहीत. पहाटेचे विमान असले तरी मूल झोपेत असताना निघून जाऊ नये. त्याला उठवावे, रडले तरी चालेल. मी गेल्या खेपेस साडेतीनला उठवले. मुलगी डोळे चोळत दारापर्यंत आली, म्हणाली, ‘रबर आण,’ आणि जिन्याच्या दिव्याखाली बाबांकडून वेणी घालून घेतली. मग मला म्हणाली, ‘आता फोटो काढ आणि जा.’